शाहीर म्हणावे की रॅपर?

जयंतीच्या पत्रकाचा मजकूर आमच्या मांजरी बुद्रुकच्या वस्तीत दरवर्षी विहाराच्या ओट्यावर बसून तयार होतो. कचेरीत कारकुनी करतो म्हणून लिखापढीचे काम साहजिकच माझ्याकडे येते. वर्गणीच्या पावत्या, पोलीस परवानगीचा अर्ज, पाहुण्यांना पत्रे आणि शेवटी पत्रक. यंदाही तसेच झाले. ध्वजारोहण, बुद्धवंदना, महिला मंडळाचा कार्यक्रम, व्याख्यान, भोजनदान हे सारे भराभर लिहून झाले. गाडी अडली ती एकाच ओळीवर. वस्तीतली तीन मुले यंदा प्रथमच व्यासपीठावर येणार होती. ती गात नाहीत. तालावर भराभर बोलतात, यमके जुळवतात आणि मागे मोबाईलवर तयार केलेला ठेका वाजतो. पत्रकात त्यांच्या नावापुढे काय लिहायचे?

एकजण म्हणाला, "गायक लिहा." दुसरा म्हणाला, "अहो, सूर कुठे आहे त्यात? गायक म्हटले तर खरे गायक चिडतील." तिसऱ्याने सुचविले, "डीजेवाली मुले असे लिहा." महिला मंडळाच्या एका ताईंनी विचारले, "कवी म्हटले तर?" माझ्या शेजारी बसलेल्या निवृत्त शिक्षकांनी शुद्ध मराठीत 'तालकवी' असा शब्द काढला, त्यावर मुलेच हसू लागली. तेवढ्यात एक उत्साही कार्यकर्ता म्हणाला, "एवढा विचार कशाला? युवा शाहीर छापून टाका."

आणि कोपऱ्यात बसलेले आप्पा कडाडले, "शाहीर लिहायचे नाही!"

आप्पांचे वय आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. तरुणपणी त्यांनी कलापथकात ढोलकी वाजवली. गावोगाव पायी फिरले, कधी उपाशी झोपले, कधी सवर्णांच्या आळीतून आलेले दगड खाल्ले. ते म्हणाले, "शाहीर ही पदवी पोटाला चिमटा घेऊन मिळते. मोबाईलवर बटण दाबून नाही मिळत." सभा गप्प झाली. पत्रक रात्रीपर्यंत हडपसरच्या छापखान्यात द्यायचे होते, आणि एका शब्दापायी ते अडून राहिले.

वाचकहो, वरवर पाहता हा किरकोळ वाद वाटेल. पण मला तो किरकोळ वाटला नाही. म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

नावाचे मोल आपल्याइतके कोणाला कळणार?

दुसऱ्या समाजात 'नावात काय आहे' असे म्हणून भागत असेल. आपले तसे नाही. आपल्या आज्या-पणज्यांची नावे दगडू, धोंडी, कचरू अशी ठेवली गेली. १९३८ साली मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद निषेध करून सभागृहाबाहेर पडले. ज्यांना हाक मारायची त्यांना न विचारता ठरविलेले नाव बाबासाहेबांनी मान्य केले नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता ही नावे आली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली झाला आणि ते नाव प्रत्यक्ष लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. मधल्या सोळा वर्षांत घरे जळाली, माणसे मेली. एका नावासाठी!

तेव्हा ज्या समाजाने नावासाठी एवढे सोसले, त्याने आपल्याच मुलांना नाव देताना दोन घटका विचार केला तर बिघडले कुठे?

हे शब्द आले कोठून?

मुले वापरतात ते रॅप, हिपहॉप, एमसी, डीजे, बीट हे शब्द ऐकून अनेक आईबाप गोंधळतात. म्हणून आधी त्यांचे मूळ पाहू.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात ब्राँक्स नावाचा भाग आहे. १९७० च्या दशकात तिथे कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश बोलणारी कष्टकरी माणसे राहत. मोठ्या हमरस्त्यासाठी वस्त्या उठवल्या गेल्या होत्या, कारखाने बंद पडत होते, इमारतींना आगी लागत होत्या. अशा भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका बहीणभावाने आपल्या इमारतीतील करमणुकीच्या खोलीत नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. बहिणीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घेण्यासाठी पैसे हवे होते. तिचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल हा जमैका बेटावर जन्मलेला. तो डीजे कूल हर्क या नावाने तबकड्या वाजवीत असे. गाण्यातला फक्त वाद्यांचा, नाचायला चढ आणणारा तुकडा त्याने पकडला आणि एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून लावून तो तुकडा लांबवीत नेला. हिपहॉपचा जन्म त्या दिवशी झाला असे मानतात.

आता शब्द पाहा. तबकडी वाजविणारा तो डीजे. डीजे म्हणजे माणूस! आपल्या पुण्याकडे मात्र "यंदा डीजे सांगितला का?" असे विचारले की डोळ्यांपुढे छाती दडपविणारी कर्ण्यांची भिंत उभी राहते. शब्द समुद्र ओलांडून आला आणि येताना त्यातला माणूस हरवला, यंत्र तेवढे उरले.

डीजेच्या बाजूला उभा राहून गर्दीला हुरूप आणणारा, पाहुण्यांची नावे घेणारा, तालावर दोन ओळी फेकणारा तो एमसी. समारंभाचा सूत्रधार असा त्याचा अर्थ. आपल्याकडे ही दोन अक्षरे रस्त्यावर एका घाणेरड्या शिवीची आद्याक्षरे म्हणूनही ऐकू येतात. त्यामुळे मुलांनी 'एमसी' लिहा म्हणताच सभेतल्या आयाबाया दचकल्या आणि तो शब्द पत्रकातून बाद झाला.

रॅप हा शब्द कृष्णवर्णीयांच्या बोलीत आधीपासून होता. मनमोकळे, चटपटीत बोलणे असा त्याचा भाव. १९७९ साली शुगरहिल गँग या तिघांची 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी निघाली, खूप गाजली आणि तिच्यानंतर 'रॅपर' हे नाव जगभर झाले. जुनी मंडळी मात्र एमसी म्हणवून घेणेच पसंत करीत. रॅपर कोणीही होतो, एमसी व्हायला समोरची गर्दी सांभाळावी लागते, असे त्यांचे म्हणणे. आमच्या आप्पांचे म्हणणे याहून वेगळे काय होते?

हिपहॉप हे त्या सबंध संस्कृतीचे नाव आहे. तबकडी वाजविणे, तालावर बोलणे, अंग मोडून नाचणे आणि भिंतीवर रंगाने चित्राक्षरे काढणे ही तिची चार अंगे. त्यांपैकी बोलण्याचे अंग ते रॅप. त्या नाचाला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. २०१८ साली केंड्रिक लामार या रॅपरला पुलित्झर हा मानाचा पुरस्कार मिळाला. तेव्हा 'टपोरी पोरांचा धंदा' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी थोडे थांबावे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी आपले नाते काही आजचे नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी तेथील थोर विचारवंत डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्यांच्या मुलांची कला आपल्या मुलांना जवळची वाटली, यात नवल ते काय?

शाहीर तरी मूळचा कुठला?

आता आप्पांच्या शब्दाकडे वळू. 'शाहीर' हा शब्द अरबी 'शाइर' वरून आला. शाइर म्हणजे कवी. म्हणजे ज्या शब्दाला आपण अस्सल मराठी मातीतला समजतो, तोही एके काळी परदेशी पाहुणाच होता. अगिनदासाने १६५९ च्या अफझलखान वधावर पोवाडा रचला, महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवरायांचा पोवाडा लिहिला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या डफ-तुणतुण्याने हा शब्द आपला करून टाकला. शब्द कोणाचा हे त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही. त्याला घामाने कोणी भिजविले यावरून ठरते.

आपल्या कलावंतांना बाहेरून मिळालेली नावे आठवा. तमासगीर, नाच्या, सोंगाड्या. कला पाहायला साऱ्या गावाने यायचे, टाळ्या पिटायच्या आणि सकाळी त्याच कलावंताला पाणी दुरून वाढायचे. बाबासाहेबांच्या चळवळीत १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जुनी चौकट बदलली. गणपतीचे स्तवन आणि गवळण काढून टाकली. मेलेली जनावरे ओढू नका, मुलांना शाळेत घाला, मंदिर व पाणवठ्याचा हक्क मागा, हे विषय आणले. आणि नावही बदलले. तमाशाचा जलसा झाला, तमासगिराचा जलसाकार झाला. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणाल्याचे आपल्या घराघरांत सांगितले जाते.

त्याच जलशांच्या वातावरणात सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक घडले. मुंबईत कष्टाची कामे करता करता ते मोठेपणी लिहावाचायला शिकले. १९४३ साली त्यांनी गीतलेखनाला सुरुवात केली आणि २००४ साली निधन होईपर्यंत खेडोपाडी गात राहिले. लोकांनी त्यांना महाकवी म्हटले. ती पदवी कोणा विद्यापीठाने दिलेली नाही.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी तर नावाचे हत्यारच केले. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लालबावटा कलापथक काढले. पुढे मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. अण्णा भाऊंनी त्याच कलेला 'लोकनाट्य' म्हटले आणि ती चालू ठेवली. लोकशाहीर हे बिरुद त्यांना शोभले. लोकशाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रम चालू असतानाच गेले. विलास घोगरे, संभाजी भगत, आपल्या पुण्याचा कबीर कला मंच, अशी ही परंपरा आजवर आली.

शाहीर पोवाड्यात मध्येच सूर सोडतो आणि तालावर नुसते बोलू लागतो, मागून झीलकरी साथ देतात, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना रॅप परका वाटू नये. विषय, आवेश, यमक, गर्दीशी थेट बोलणे, सारे तेच. डफाच्या जागी बीट आले एवढेच. बीट म्हणजे संगणकावर किंवा मोबाईलवर जुळविलेला ठेका.

आजची मुले कोणत्या नावाने उभी आहेत?

मांजरीपासून काही मैलांवर पुण्यात ताडीवाला रोड आहे. तिथल्या वस्तीतला अल्ताफ शेख 'एमसी स्टॅन' या नावाने रॅप करू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बिग बॉसच्या सोळाव्या पर्वाचा विजेता ठरला. त्याच्या गाण्यांतील शिव्या मला पटत नाहीत, हे स्पष्ट सांगतो. पण झोपडपट्टीचा पत्ता लपविण्याची गरज नाही, हे त्याच्याकडून हजारो मुले शिकली, हेही खरे. २०१९ चा 'गली बॉय' हा चित्रपट मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांच्या आयुष्यावरून सुचला आणि 'गली रॅप' हा शब्द घरोघरी गेला.

मुंबईच्या 'स्वदेसी' या गटात एमसी मवाली मराठीत रॅप करतो. 'मवाली' ही खरे तर आपल्या मुलांना पोलिसांकडून आणि शेजाऱ्यांकडून मिळणारी शिवी. ती त्याने स्वतःच नाव म्हणून घेतली. जो शब्द मारायला वापरला, तोच कपाळावर लावून उभे राहायचे, ही रीत आपल्याला नवी नाही. 'दलित' या शब्दाचे साहित्याने हेच केले. याच गटाने वारली आदिवासींच्या जमिनीच्या लढ्यावर आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत रॅप केले. अमरावतीचा विपिन तातड आंबेडकरी रॅपर म्हणून ओळखला जातो. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर राजकारणावरील टीकेच्या रॅपमुळे पोलिसांत गुन्हे दाखल झाले. जलसाकारांना दगड मिळाले, यांना पोलीस ठाण्याच्या पायऱ्या मिळाल्या.

म्हणजे रॅपर हे नाव केवळ चैनीचे राहिलेले नाही. त्यालाही किंमत मोजावी लागते.

आणि ज्याचे नाव कुठेच नसते, त्याचे काय?

हे सारे मी सभेत थोडक्यात सांगितले. आप्पा शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी मुलांना जवळ बोलावले आणि एकच प्रश्न विचारला, "पोरांनो, बोलता तुम्ही तिघे. पण शब्द कोणाचे?"

मुले एकमेकांकडे पाहू लागली. दोघे बोलतात, तिसरा बीट बनवितो, हे आम्हाला ठाऊक होते. शब्दांचे कोणी विचारलेच नव्हते. थोड्या वेळाने त्यांतला थोरला म्हणाला, "आप्पा, अर्धे आमचे आहेत. अर्धे हिचे." त्याने बोट दाखविले ते चहाचे कप गोळा करणाऱ्या त्याच्या बहिणीकडे. मुलगी बारावीत शिकते. आई भाजी विकते, वडील एका कंपनीच्या दारावर रखवालदार आहेत. नावे मुद्दाम देत नाही, मुले अजून शिकत आहेत. तिच्याजवळ दोनशे पानी वही होती. खोली भाड्याने घ्यायला गेले की मालक आधी पूर्ण नाव विचारतो, मग आडनाव विचारतो, मग गाव विचारतो आणि मग खोली दिली गेली आहे म्हणतो, यावर तिने लिहिले होते. तिने ते हळू आवाजात वाचले. ताल नव्हता, बीट नव्हते. ओट्यावरचे एकही माणूस हलले नाही. ज्याला खोलीसाठी आडनाव विचारले गेले नाही, असा आमच्यात होता कोण?

आणि पत्रकाच्या आमच्या कच्च्या मजकुरात तिचे नाव नव्हते. तासभर आम्ही मुलांना काय म्हणावे यावर वाद घातला आणि शब्द जिचे, तिच्याकडून चहा घेतला!

ही चूक एकट्या मांजरीची नाही. 'रॅपर्स डिलाइट' या १९७९ च्या तबकडीचीच कथा ऐका. तिच्यातील एकाने म्हटलेल्या बऱ्याच ओळी ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझ या एमसीच्या होत्या. तबकडी जगभर गाजली. कॅझला ना नाव मिळाले ना मोबदला. आपल्या देशात मार्च २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणे गाजले. ते अरिवू या आंबेडकरी रॅपरने लिहिले आणि धी या गायिकेसह गायले. भूमिहीन मजुरांना चहाच्या मळ्यांवर नेले गेले, त्या आपल्या आजीच्या आठवणी त्याने त्यात आणल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये एका नामांकित संगीत मासिकाने त्या गाण्याच्या निमित्ताने मुखपृष्ठ काढले. त्यावर अरिवू नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, समाजमाध्यमांवर आवाज उठला, तेव्हा मासिकाला त्याचेही मुखपृष्ठ काढावे लागले. आपल्या जयंतीत वाजणाऱ्या भीमगीतांचेच पाहा. गायकाचे नाव सांगता येते. कवीचे विचारा, दहांतले आठजण डोके खाजवतील.

म्हणून माझे मत असे बनले आहे की, 'यांना काय म्हणावे' याआधी 'यांत कोण कोण आहे' हे विचारावे. ज्याने जे काम केले, त्या कामापुढे त्याचे नाव लिहावे. शब्द लिहिणारा तो गीतकार. ठेका जुळविणारा बीटकार म्हणा, बीट बनविणारा म्हणा, किंवा संगीतकार म्हणा, चालेल. तोंडाने सादर करतो तो रॅपर. मुलगी असली तरी रॅपरच, 'रॅपरीण' करायचे कारण नाही. आवाज ध्वनिमुद्रित करणारा, चित्रफीत काढणारा, साथ करणारा, या सर्वांचे श्रम श्रमच आहेत.

पालकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी

वाणिज्य शाखेत शिकलो, त्यामुळे हिशेबाचे दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या मुलामुलींनी गीत लिहिले की त्यावर त्यांचा हक्क लिहिल्याक्षणीच निर्माण होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरीही वहीत प्रत्येक गीताखाली नाव व तारीख टाकावी. एखादी प्रत स्वतःच्याच ई-मेलवर पाठवून ठेवावी. उद्या वाद झाला तर पुरावा हाताशी राहतो.

चौघांनी मिळून गाणे केले असेल तर कोणाचे काय काम आणि आलेल्या पैशात कोणाचा किती वाटा, हे एका साध्या कागदावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात. मैत्रीत कागद कशाला, असे म्हणू नये. कागद असला म्हणजे मैत्री टिकते.

एखादी कंपनी गाणे घ्यायला आली तर कागद न वाचता सही करू नये. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून गाण्याचे हक्क दुसऱ्याला लिहून दिले तरी गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील म्हणजे रॉयल्टीतील वाटा राखून ठेवलेला आहे. तो लिहून देण्यास कोणी सांगितले तर जाणत्या वकिलाला विचारावे. आणि उलट बाजूही ध्यानात ठेवावी. दुसऱ्याचे बीट इंटरनेटवरून उचलून त्यावर आपले नाव लावू नये. आपल्यावर झालेला अन्याय आपण दुसऱ्यावर करायचा नाही. दुसऱ्याचे न विचारता घेणार नाही, असे शील आपण रोज घेतोच.

शेवटची गोष्ट आईवडिलांसाठी. मुलगा तालावर बोलू लागला की, "काय बडबड लावली आहे" म्हणून गप्प करू नका. "काय लिहिलेस ते वाचून दाखव," म्हणा. शिव्या असतील, नशेचे कौतुक असेल, बाईला कमी लेखले असेल तर तिथे अडवा, कान धरा. पण आधी ऐका. आणि मुलीच्या वहीकडे विशेष लक्ष द्या. ती वही चुलीपाशी हरवते.

पत्रक अखेर असे छापले

आप्पांनी मुलीची वही हातात घेतली. डोळ्यांना दिसत नाही म्हणून नुसतीच पाने चाळली. मग म्हणाले, "माझा आक्षेप मागे. लिहा शाहीर."

तेव्हा त्या थोरल्या मुलाने जे उत्तर दिले ते माझ्या कायम लक्षात राहील. तो म्हणाला, "नको आप्पा. शाहीर तुम्ही. आम्हाला सध्या रॅपरच म्हणा. तेवढे गाव फिरलो, तेवढे सोसले आणि त्यानंतरही खरे बोलत राहिलो, तर तुम्हीच म्हणा शाहीर. पण हिचे नाव मात्र आजच लिहा."

आप्पा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी एवढेच विचारले, "तुमच्या त्या बीटाबरोबर ढोलकी चालेल का रे?"

मजकूर तयार झाला. रॅप सादरकर्ते म्हणून दोघांची नावे. गीतकार म्हणून तिघांची नावे, त्यांत पहिले नाव मुलीचे. बीट बनविणाऱ्याचे नाव. आणि खाली, ढोलकी साथ, शाहीर आप्पा. रात्री साडेनऊला मी तो कागद छापखान्यात दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पत्रके आली. मुलीचे वडील रात्रपाळीला निघाले होते. त्यांनी एक पत्रक घेतले, दिव्याखाली धरून मुलीचे नाव वाचले, घडी घालून वरच्या खिशात ठेवले आणि म्हणाले, "दादा, आणखी दोन द्या. कंपनीत दाखवतो."

समाजबांधवहो, आपल्या गावी, आपल्या वस्तीत अशी मुले असतीलच. त्यांना कोणत्या नावाने हाक मारायची ते त्यांनाच विचारा. पदवी द्यायची घाई नको, नाकारायचा ताठाही नको. पत्रकात, फलकावर, ध्वनिक्षेपकावरून प्रत्येकाचे नाव त्याच्या कामासह घ्या. बाबासाहेबांनी आपल्याला माणूस म्हणून नाव मिळवून दिले. ते आपल्या मुलांपर्यंत, आणि मुलींपर्यंत, पोचविणे आपले काम आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!